‘मी’ची साक्ष : एक आत्मकथन आणि एक निकालपत्र

लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन वैशाली रोडे यांच्या शब्दांकनातून २०१२ साली मनोविकास प्रकाशनाने प्रसिद्ध केले. त्याला दोन वर्षे होतात न होतात तोच, १५ एप्रिल २०१४ रोजी, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. ए. के. सिक्री यांनी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या, म्हणजे ‘नालसा’च्या, याचिकेवर निकाल देऊन तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला. या खटल्यात लक्ष्मी त्रिपाठी हस्तक्षेप अर्ज करून सामील झाल्या होत्या. आत्मकथनाचे परीक्षण साहित्याच्या पानावर आणि निकालाची चर्चा कायद्याच्या वर्तुळात, अशी वाटणी आपल्याकडे झाली. माझ्या मते ही दोन्ही लेखने एकाच साक्षीचे दोन पाठ आहेत आणि ती शेजारी ठेवून वाचल्यावाचून दोहोंचेही खरे मोल कळत नाही. निकालपत्र हेही शेवटी गद्यच असते. त्याला निवेदक असतो, पात्रे असतात, भूतकाळाची विशिष्ट मांडणी असते. आणि ती मांडणी फसली तर निकाल योग्य असूनही युक्तिवाद दुबळा राहतो.

प्रथम पुस्तकाच्या शीर्षकाकडे पाहू. त्यात दोन वेळा ‘मी’ आहे आणि क्रियापद एकही नाही. हा योगायोग असो वा योजना, मराठीत त्याचे महत्त्व फार आहे. इंग्रजीत आत्मकथन सांगणाऱ्याला आपले लिंग वाक्यागणिक जाहीर करावे लागत नाही. मराठीत ‘मी गेलो’ म्हणायचे की ‘मी गेले’, हे भूतकाळातील कितीतरी वाक्यांच्या शेवटी ठरवावेच लागते. ज्याच्या आयुष्याचा सगळा झगडाच त्या एका प्रत्ययाशी आहे, त्याच्यापुढे मराठी भाषा पावलोपावली जकातनाका उभा करते. शीर्षकाने मात्र हा नाका चुकविला आहे. ‘हिजडा’ हे नाम पुल्लिंगी, ‘लक्ष्मी’ स्त्रीलिंगी, आणि दोहोंना जोडणारा ‘मी’ लिंगनिरपेक्ष. पहिल्या अर्ध्यात समाजाने शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून घेतला आहे आणि दुसऱ्या अर्ध्यात व्यक्तीचे नाव त्याच्यापुढे उभे केले आहे. २०१५ साली आर. राज राव आणि पी. जी. जोशी यांनी केलेला इंग्रजी अनुवाद ऑक्सफर्डने काढला. इंग्रजी वाचकाला ती कहाणी कळेल, पण या व्याकरणाचा काच त्याला जाणवणार नाही.

कोणी म्हणेल की मराठीत तिसरे लिंग आहेच! आहे खरे, पण त्याचे नाव ‘नपुंसकलिंग’. आपण मुलाला, वासराला, भांड्याला ‘ते’ म्हणतो. व्याकरणाने दिलेले हे तिसरे घर माणसासाठी बांधलेलेच नाही. सरकारी मराठीने रूढ केलेला ‘तृतीयपंथी’ हा शब्द त्या मानाने सभ्य. परंतु पंथ म्हणजे वाट किंवा संप्रदाय, आणि आपण कोण आहोत हा प्रश्न केवळ वाटेचा नव्हे. या लेखात तोच शब्द वापरला आहे, कारण याहून सर्वमान्य शब्द अद्याप मराठीने घडविलेला नाही.

२०१२ पूर्वी मराठी वाचकाला हा विषय अपरिचित होता असे नाही. आनंद यादवांच्या ‘नटरंग’मध्ये पहिलवानकीचा अभिमान बाळगणारा माणूस तमाशात नाच्या होतो आणि गावाच्या कुचेष्टेचा व क्रौर्याचा धनी होतो. राजन गवस यांच्या ‘भंडारभोग’मध्ये यल्लमाच्या नावाने समाजच एका पुरुषाच्या अंगावर लुगडे चढवितो. ‘जोगवा’ (२००९) या चित्रपटामागे गवसांच्याच ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्या आहेत. या कलाकृतींची थोरवी मला मान्य आहे. पण त्यांतील नायक मुळात पुरुष आहे. कलेच्या ओढीने म्हणा, देवीच्या भयाने म्हणा, त्याच्यावर स्त्रीवेष आला आहे, आणि वाचकाची सहानुभूती त्याच्या झाकल्या गेलेल्या पुरुषत्वाकडे धावते. लक्ष्मी त्रिपाठींच्या कथनात दिशाच उलटी आहे. तेथे लादलेले आहे ते पुरुषत्व. मराठी वाचकाने याआधी अशा माणसाकडे ‘तो’ म्हणून पाहिले होते. ‘मी’ म्हणून ऐकले नव्हते.

पुस्तकाचा उत्तम भाग ठाण्याचा आहे. उत्तर प्रदेशातून येऊन ठाण्यात स्थिरावलेले कर्मठ ब्राह्मण कुटुंब, त्यातला थोरला मुलगा, नृत्याची ओढ, त्यावरून होणारी हेटाळणी आणि लहान वयात जवळच्यांकडून झालेले लैंगिक अत्याचार हे सारे आक्रोश न करता सांगितले आहे. या भागाचा खरा नायक मला वडील वाटतात. परंपरेत मुरलेला हा गृहस्थ आपल्या अपत्याला घराबाहेर काढीत नाही. हिजडा समाजात दीक्षा घेतलेली व्यक्ती आपल्या जन्मघरातही राहते, ही गोष्ट हिजड्यांच्या रीतीला जितकी अपरिचित तितकीच पांढरपेशा रीतीलाही. उत्तरार्धात मात्र परदेशवाऱ्या, परिषदा, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम यांची रांग लागते आणि कथन यादीच्या वाटेने जाते. शब्दांकनाची भाषा सफाईदार आहे, पण या सफाईत सांगणाऱ्याच्या बोलीचा खडबडीतपणा काहीसा घासला गेला असावा, अशी शंका राहते. गुरू-चेल्यांच्या व्यवस्थेतील आधार पुस्तकात भरपूर येतो. त्या व्यवस्थेतील सत्तेची, चेल्याच्या कमाईवरील गुरूच्या हक्काची चिकित्सा त्या मानाने थोडी. आपल्या माणसांविषयी लिहिताना अशी भीड पडते. दलित आत्मकथनांनी ती मोडून दाखविली होती.

त्या परंपरेचा येथे एक अनपेक्षित धागा आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली केलेल्या गुन्हेगार जमाती कायद्याचे दोन भाग होते. एका भागाने काही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या. दुसऱ्या भागाने, सुरुवातीस उत्तरेकडील प्रांतांत, हिजड्यांची नोंदवही ठेवण्याची तरतूद केली. नोंद झालेल्यांना स्त्रीवेषात रस्त्यावर येणे वा नाचणे हा गुन्हा ठरला. मृत्युपत्र करणे, दत्तक घेणे, अज्ञान मुलाचे पालक होणे यांना मज्जाव झाला. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) हे या कायद्याच्या पहिल्या भागाला मराठीने दिलेले उत्तर आहे असे म्हटले, तर ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ हे दुसऱ्या भागाला दिलेले उत्तर होय. एकाच कायद्याच्या दोन कलमसमूहांना मराठी आत्मकथनांनी पंचवीस वर्षांच्या अंतराने उत्तर द्यावे, याची नोंद आपल्या समीक्षेने ठळकपणे घ्यायला हवी होती.

आता निकालपत्राकडे येऊ. न्या. राधाकृष्णन यांनी आपल्या मताच्या आरंभीच्या भागात लक्ष्मी त्रिपाठींच्या अर्जातील हकिगत उतरवून घेतली आहे. गंमत अशी की, स्वतःची ओळख स्वतः सांगण्याचा अधिकार देणाऱ्या या निकालपत्रात त्यांची ओळख मात्र ‘हिजडा असल्याचा दावा करणारी व्यक्ती’ अशा वकिली सावधगिरीने येते. तरीही त्या परिच्छेदांत काहीतरी घडते. कायद्याचे गद्य क्षणभर थांबते, आणि एक माणूस बालपणीचा छळ, एकटेपण आणि अखेरीस हिजडा समाजात मिळालेला आसरा सांगू लागतो. घटनेची अनुच्छेदे १४, १५, १६, १९ आणि २१ यांचे पुढचे सारे विवेचन या साक्षीवर उभे आहे. वेष, बोलणे, वागणे यांतून स्वतःला व्यक्त करणे हा अनुच्छेद १९ मधील अभिव्यक्तीचाच भाग आहे आणि आपली ओळख ठरविणे हा अनुच्छेद २१ मधील प्रतिष्ठेचा गाभा आहे, हा निष्कर्ष त्या साक्षीतून स्वाभाविकपणे निघतो. शस्त्रक्रियेची अट घालणे अनैतिक व बेकायदा आहे, हेही न्यायालयाने निःसंदिग्धपणे सांगितले.

निकालपत्र मला दुबळे वाटते ते इतिहासाच्या प्रकरणात. तेथे रामाने वनवासाला जाताना स्त्री-पुरुषांना परत फिरण्यास सांगितल्यावर मागे थांबलेल्यांची लोककथा येते, महाभारतातील अरावान येतो, जैन ग्रंथ येतात, मोगल दरबारातील मानाची पदे येतात. अभिप्राय असा की, पूर्वी हा समाज मानाने राहत होता, इंग्रजांनी त्याला खाली ढकलले, सबब आता न्याय द्यावा. १८७१ च्या कायद्याचा दोष कोणी नाकारणार नाही. पण समजा, रामायणाच्या कोणत्याच पाठात ही कथा नसती, तर अधिकार कमी झाला असता काय? ज्यांच्यासाठी पुराणात जागा नाही, त्यांनी न्यायालयात काय दाखवावे? हा प्रश्न आपल्या समाजाने तरी विचारायला हवा. कारण ‘तुमची पाळेमुळे या मातीत कोठे आहेत’ असे आपल्यालाही वारंवार विचारले गेले आहे. प्रतिष्ठा ही पूर्वजांच्या दाखल्यावर मिळू लागली, की ती वतन होते. संविधानाने वतने नाहीशी करण्याचा मार्ग धरला. न्यायालयाने त्याच्या आधारे निर्णय देताना वंशावळ मागायचे कारण नव्हते.

पवित्र शास्त्रातील एक उदाहरण येथे आठवल्यावाचून राहत नाही. अनुवादाच्या पुस्तकात (अध्याय २३) अंगच्छेद झालेल्यास परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाकारला आहे. यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात मात्र संदेष्टा अशाच माणसाला आश्वासन देतो की, त्याने स्वतःला वठलेले झाड समजू नये. देव आपल्या घरात त्याला मुलामुलींपेक्षा श्रेष्ठ असे नाव देईल. मराठी बायबलात तेथे ‘षंढ’ हा शब्द आहे, आणि आपल्या उपदेशपीठावरून तो उच्चारताना अनेकांची जीभ अडखळते. तीच अवस्था प्रेषितांच्या कृत्यांतील आठव्या अध्यायाची. कूशी देशाच्या राणीचा तो अधिकारी रथात बसून यशयाचाच ग्रंथ वाचत होता. त्याने फिलिपाला विचारले ते एवढेच, की मला स्नानसंस्कार घेण्यास काय अडचण आहे? फिलिपाने वंश विचारला नाही, जुना दाखला मागितला नाही. रथ थांबला आणि दोघेही पाण्यात उतरले. या उताऱ्याचा अर्थ आजच्या लिंगविचाराशी जसाच्या तसा जोडणे हे शास्त्राच्या अभ्यासाला धरून होणार नाही. त्या काळचा षंढ आणि आजचा तृतीयपंथी यांत फरक आहे. माझा मुद्दा मर्यादित आहे. यशयाने दिलेले वचन नावाचे आहे, घराण्याचे नव्हे.

निकालपत्रातील आणखी एक त्रुटी महाराष्ट्राला जवळची आहे. तृतीयपंथी समूहांची ओळख करून देताना हिजडा, अरावानी, कोथी यांच्याबरोबर जोगता-जोगप्पा यांचेही वर्णन येते. यल्लमा-रेणुकेला वाहिलेले सेवक, एवढे सांगून निकालपत्र पुढे जाते. ‘भंडारभोग’ वाचलेल्या मराठी माणसाला येथे थांबावेसे वाटते. जोगत्यांमध्ये स्वेच्छेने देवीकडे गेलेले असतील; पण नवसापायी, जटेपायी, आजारापायी वाहिलेलेही आहेतच. स्वतःची ओळख स्वतः ठरविण्याचा अधिकार खरा असेल, तर ज्याच्यावर लुगडे लादले त्याला ते उतरविण्याचाही अधिकार आहे. कादंबरीकाराला जे दिसले ते न्यायालयाच्या नजरेतून सुटले. दुसरी विसंगती भाषेची आहे. एकीकडे ‘स्वतः ठरविलेली ओळख’ म्हणायचे आणि दुसरीकडे ‘मानसिक कसोटी’ हा शब्दप्रयोग करायचा. कसोटी म्हटली की ती घेणारा परीक्षक आलाच. २०१९ च्या संसदीय कायद्याने आणि २०२० च्या नियमांनी तो परीक्षक जिल्हाधिकाऱ्याच्या रूपाने आणला. ओळखीचे प्रमाणपत्र त्यांच्याकडून घ्यायचे, आणि स्त्री किंवा पुरुष अशी नोंद हवी असल्यास शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला जोडायचा, अशी योजना त्या कायद्यात आली. न्यायालयाने दारातून बाहेर घालविलेली अट खिडकीतून आत आली.

यावर आपल्यापैकी काही सुजाण मंडळींचा आक्षेप असतो की, असे प्रश्न लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाने सोडवावेत. न्यायाधीशांनी समाजसुधारक होऊ नये. आक्षेप हलका नाही. पण तो ख्रिस्ती माणसाच्या तोंडी मला चमत्कारिक वाटतो. आपली महाविद्यालये आपल्या हाती राहिली ती कोणत्या बहुमताच्या कृपेने? अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या खटल्यात १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने अनुच्छेद ३० चा अर्थ लावला म्हणूनच ना? दिल्लीच्या सेंट स्टीफन्स कॉलेजचा १९९१ चा निकालही त्याच वाटेवरचा. न्यायालय प्रत्येक वेळी आपल्या मनासारखे बोलते असेही नाही. १९७७ साली रेव्हरंड स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात धर्मप्रसाराच्या अधिकारात धर्मांतर घडविण्याचा अधिकार येत नाही असा निर्णय लागला आणि तो आपल्याला आजही बोचतो. तृतीयपंथी समाजाचा अनुभव निराळा नाही. ११ डिसेंबर २०१३ रोजी याच न्यायालयाच्या दुसऱ्या द्विसदस्य पीठाने भारतीय दंडविधानाचे कलम ३७७ वैध ठरविले होते. नालसाचा निकाल त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनी आला, आणि ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते रद्द व्हायला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला. न्यायालय चुकते, वळते, कधी उशिरा वळते. तरीही जो समाज मतपेटीत कधीच भारी ठरणार नाही, त्याला जाण्यासारखे दुसरे ठिकाण नाही. अनुच्छेद ३० च्या छत्रीखाली उभे राहून अनुच्छेद २१ च्या छत्रीखालच्या माणसाला ‘तू पावसात जा’ म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो श्रद्धेचा आहे. धर्मसभेची शिकवण काय? एप्रिल २०२४ मध्ये श्रद्धासिद्धांत विभागाने प्रसिद्ध केलेल्या ‘दिग्नितास इन्फिनिता’ या घोषणापत्रात मानवी प्रतिष्ठा कोणत्याही परिस्थितीत नष्ट होत नाही असे सांगून, त्याच दस्तऐवजात लिंगविषयक आधुनिक सिद्धांतावर टीका केली आहे. शरीर ही देणगी आहे, ते आपल्या इच्छेने घडविण्याचे साहित्य नव्हे, अशी ती भूमिका. लिंगबदलाच्या उपचारांबाबत घोषणापत्र नकारार्थी आहे. जन्मतः शारीरिक वैगुण्य असलेल्यांना वैद्यकीय साह्य घेण्याची मोकळीक मात्र ते मान्य करते. मी या शिकवणीबाहेर उभा राहून लिहीत नाही. लक्ष्मी त्रिपाठींचे पुस्तक आणि हे घोषणापत्र यांत मेळ आहे असेही मी म्हणणार नाही. माणूस म्हणजे काय या प्रश्नावर दोहोंची उत्तरे भिन्न आहेत.

परंतु न्यायालयापुढील प्रश्न तो नव्हता. राज्यसंस्थेने एखाद्या माणसाला शाळा, रुग्णालय, शिधापत्रिका, मतदान, नोकरी यांपासून त्याच्या ओळखीमुळे दूर ठेवावे काय, हा तो प्रश्न होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक घोषणापत्रात स्वीकारलेले तत्त्व येथे उपयोगी पडते. सत्य शोधण्याचे कर्तव्य माणसावर आहे. पण त्या शोधात राज्याने बळजबरी करू नये, आणि ही मुभा चुकलेल्या माणसालाही त्याच्या प्रतिष्ठेमुळेच मिळते. हे तत्त्व आपल्यासाठी मागायचे आणि दुसऱ्यासाठी नाकारायचे, हे शिकवणीशी इमान नव्हे. पुढे ऑक्टोबर २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने त्याच विभागाने ब्राझीलमधील एका बिशपांच्या प्रश्नांना उत्तर देताना सांगितले की, समाजात गोंधळ वा आघात होण्याचा धोका नसेल तर तृतीयपंथी व्यक्तीला स्नानसंस्कार देता येतो. काही अटींवर तिला धर्मपिता वा धर्ममाताही होता येते. म्हणजे फिलिपाचा तो रथ अजून थांबतो आहे.

या सगळ्या चर्चेत शहापूर-मुरबाड कोठे आहे? लक्ष्मी त्रिपाठींचे ठाणे आणि आमचे तालुके एकाच जिल्ह्यात मोडतात, पण त्या पुस्तकातील ठाणे हे कॉलेजचे, नृत्यवर्गाचे, लोकलच्या दर पाच मिनिटांच्या गाडीचे शहर आहे. तेथून मुंबईला जाता येते, मिठीबाई महाविद्यालयात शिकता येते, समदुःखी माणसे गाठता येतात. भातसा-तानशाच्या काठी पाड्यावर वाढणाऱ्या मुलाला यांपैकी काहीच नाही. त्याच्यापुढे दोन वाटा असतात: गप्प राहून लग्नाला उभे राहायचे, किंवा आसनगावला कसारा लोकल पकडून कल्याणच्या गर्दीत नाहीसे व्हायचे. नंतर तोच मुलगा लुगडे नेसून त्याच गाडीत टाळी वाजवीत आपल्यापुढे हात पसरतो आणि आपण खिडकीबाहेर पाहू लागतो. म्हसेच्या जत्रेत तमाशाच्या तंबूत ज्याच्या हावभावांना शिट्ट्या मिळतात, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी गावात कोणी बोलत नाही. निकालपत्रातील शब्द या गाडीपर्यंत, या तंबूपर्यंत पोहोचविण्याचे साधन न्यायालयाकडे नसते.

प्रमाणपत्राच्या कारभाराविषयी या भागातील लोकांना शिकविण्याची गरज नाही. कातकरी कुटुंबाला आपण कातकरी आहोत हे सिद्ध करायला पन्नास वर्षांपूर्वीचा कागद मागितला जातो. ज्याच्या आज्याचा जन्म वीटभट्टीवर झाला तो कागद कोठून आणणार? सगळा गाव ज्याला कातकरी म्हणूनच ओळखतो, हिणवतोही, तोच कचेरीच्या खिडकीपाशी मात्र कातकरी ठरत नाही. तृतीयपंथीयांचे नेमके हेच होते. शिवी देताना गावाला पुरावा लागत नाही, हक्क देताना लागतो. २०२० मध्ये या प्रमाणपत्रासाठी संगणकावरून अर्ज करण्याची सोय झाली, म्हणजे ठाण्याला खेटे घालण्याचा त्रास वाचला. पण अर्ज भरायचा तो बाजारपेठेतल्या सेतू केंद्रात, ओळखीच्या पोराकडून, रांगेतल्या चार शेजाऱ्यांच्या देखत.

म्हणूनच नालसाच्या भव्य निकालापेक्षा मला एका लहान निकालात अधिक रस आहे. जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक या गावी ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत अंजली पाटील यांनी स्त्रियांसाठी राखीव जागेवर उमेदवारी अर्ज भरला. त्या तृतीयपंथी आहेत म्हणून निवडणूक निर्णय अधिकाऱ्याने तो फेटाळला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचे न्या. रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी तो निर्णय रद्द करून त्यांना स्त्री म्हणून निवडणूक लढविण्यास परवानगी दिली. या निकालात पुराणे नाहीत, प्रवचन नाही. एक अर्ज, एक नकार, एक तारीख, आणि मतदान तोंडावर आलेले. वाङ्मयीन दृष्टीनेही मला हे गद्य उजवे वाटते, कारण ते आपल्या विषयाएवढेच आहे. एक वाक्य मात्र त्यातही खटकते. यापुढे आयुष्यात आपण संधिसाधूपणाने पुरुष गटात जाणार नाही, असे त्यांचे निवेदन न्यायालयाने नोंदवून घेतले. त्या प्रभागातील दुसऱ्या कोणत्याही स्त्री उमेदवाराला असे आयुष्यभराचे वचन द्यावे लागले नसते.

पण पुढे जे झाले ते न्यायालयाच्या हातचे नव्हते. भादलीच्या मतदारांनी अंजली पाटील यांना निवडून दिले. त्याआधी २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील तरंगफळ गावाने ज्ञानू कांबळे या तृतीयपंथी व्यक्तीला थेट सरपंच केले होते. दोन्ही गावे काही पुढारलेल्या शहरांच्या यादीतली नव्हेत. न्यायालयाचे काम उमेदवारी अर्ज स्वीकारायला लावण्यापर्यंतच होते. शिक्का मारणारा हात गावकऱ्याचा होता. उच्च न्यायालयाने वाट मोकळी केली नसती तर त्या हाताला संधी मिळाली नसती, आणि गावाने शिक्का मारला नसता तर तो निकाल कायद्याच्या ग्रंथांत नुसता पडून राहिला असता. घटनात्मक न्यायालयाच्या भूमिकेविषयी पुष्कळ पांडित्य लिहिले गेले आहे. मला तिचे माप या दोन वाक्यांत सापडते.

मराठीत अद्याप जे पुस्तक यायचे आहे, ते भादली किंवा तरंगफळचे आहे. किंवा मुरबाडचे. शहरात येऊन नाव कमावलेल्या व्यक्तीचे नव्हे, तर गावातच राहिलेल्या, पाणी भरायला त्याच विहिरीवर जाणाऱ्या, ग्रामसभेत कोपऱ्यात बसणाऱ्या माणसाचे. आणि ते प्रमाण मराठीत घासूनपुसून न लिहिता कुणबी किंवा ठाकरी बोलीत, ‘गेलो’ आणि ‘गेले’ यांत जेथे जीभ अडखळते तेथे अडखळू देऊन लिहिलेले. लक्ष्मी त्रिपाठी आणि वैशाली रोडे यांनी त्याच्यासाठी दार उघडले आहे. तोपर्यंत ‘मी हिजडा... मी लक्ष्मी!’ आपल्या धर्मग्रामांच्या वाचनालयांत असावे, आणि ते तिजोरीवजा कपाटात नव्हे तर वाचकाच्या हाताला लागेल अशा फळीवर असावे. त्याच्या शेजारी ‘उचल्या’ ठेवायला हरकत नाही.